वळताना कटकट आणि २८,५०० रुपयांचा ‘स्टिअरिंग रॅक’

आधी लाज सांगून टाकतो. ज्या गाडीत पॉवर स्टिअरिंगचं तेल नसतंच, त्या गाडीत मी दोन लिटर तेल ‘घालून’ घेतलं आणि त्याचे १,२४० रुपये मोजले. वर मी पेशाने अकाउंटंट. दुसऱ्यांच्या बिलांत एका रुपयाचा फरक आला तरी रात्री अकरापर्यंत बसून शोधणारा.

गाडी २०१४ची वॅगन आर, व्हीएक्सआय, ७८,००० किलोमीटर झालेली. सोसायटीच्या पार्किंगमधून निघताना उजवीकडे पूर्ण टर्न मारला की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट-कट. अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा आवाज. सरळ रस्त्यावर काही नाही. वेग वाढवला की कटकटही भरभर.

ज्यांना गाडीतलं कळतं ते इथेच हसले असतील. हो, एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा चाकाजवळचा सांधा. आता मलाही कळतं. पण तेव्हा सोमवार होता, आणि गुरुवारी बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याहून मिरजेला न्यायचं होतं. नेहमीचा मेस्त्री गावी गेलेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला शनिवारच्या आधी नंबर नव्हता. म्हणून सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. बोर्ड मोठा, लिफ्ट दोन, बसायला एसी केबिन. माझ्या जागी तुम्हीही गेला असतात.

मालकाने चहा मागवला, बोनेट उघडलं, आत टॉर्च मारला, खाली वाकला आणि उठून बोट माझ्यासमोर धरलं. बोटाला लाल तेल. “दादा, रॅक लीक आहे. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बघा किती गळतंय.” रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग.

हाच तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते बोट दिसतं. माझ्या गाडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. मोटर डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावर. तेल नाही, पंप नाही, नळी नाही. गाडी घेताना सेल्समनने हे कौतुकाने सांगितलं होतं आणि मी ते पुढे दहा जणांना सांगितलं होतं! तरीही त्या बोटाकडे बघून मी म्हणालो, “अरे बापरे.”

दुसरी गोष्ट. त्याने गाडी जागची हलवली नव्हती. आवाज चालत्या गाडीतून येतोय आणि हा उभ्या गाडीचं बोनेट उघडून निदान करतोय. असं कोणी केलं तर चावी मागून घ्या आणि निघा. खरा माणूस आधी शेजारी बसतो आणि म्हणतो, “चला, वाजवून दाखवा.”

मग त्याने खंबाटकी घाटाचा विषय काढला. “येताना बोगद्यानंतर ते एस वळण आहे ना, तिथे स्टिअरिंग लॉक झालं तर? वडील आहेत सोबत.” बाबांचं नाव निघाल्यावर मी हिशोब करायचं सोडलं. १२,००० अॅडव्हान्स दिला.

बुधवारी संध्याकाळी गाडी मिळाली. बिल असं: रॅक असेंब्ली १४,८००. ऑइल १,२४०. टाय रॉड एंडची जोडी १,९००. लोअर आर्मची जोडी ४,२००. मजुरी ५,५००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१००. एकूण २८,७४०, वरचे २४० त्याने ‘आपले म्हणून’ सोडले. उरलेले १६,५०० यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते गॅरेजचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. विचारलं तर म्हणे, “घरचंच खातं आहे. कच्चं बिल चालेल ना? जीएसटी वाचेल तुमचा.” मी, अकाउंटंट, चालेल म्हणालो. यावर जे बोलायचं ते बायको बोलून झाली आहे, तुम्ही नका बोलू.

आणि मी अगदीच बावळट नव्हतो. जुने पार्ट दाखवा म्हटलं, तर त्याने गोणपाटावर ठेवलेला एक तेलकट रॅक दाखवला. मी मोबाईलवर फोटोही काढला. आवाजही बंद झाला होता. मग माणसाने आणखी काय तपासायचं?

खंबाटकी, सातारा, कराड, मिरज. गाडी मुकाट. बाबांना दाखल केलं, गाडी हॉस्पिटलच्या आवारात वळवायला घेतली आणि कट-कट-कट.

काकांच्या ओळखीचा एक मेस्त्री आहे तिकडे. पत्र्याची शेड, लिफ्टबिफ्ट काही नाही. तो शेजारी बसला, मोकळ्या पटांगणात गाडी नेऊन मला म्हणाला, पूर्ण टर्न मारा, हळू रेस द्या. दोन चकरा झाल्यावर म्हणाला, “बास.” जॅक लावला. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं, जॉइंटवरचा रबरी बूट फाटलेला, आणि फाटलेल्या जागी प्लॅस्टिकची केबल टाय आवळून आत ताजं ग्रीस कोंबलेलं. तेवढ्या ग्रीसवर आवाज मिरजेपर्यंत गप्प बसला.

लोअर आर्म जुनेच, डिझेलने धुऊन काळा स्प्रे मारलेला. स्प्रे रबराच्या बुशवरही उडालेला. टाय रॉड एंड मात्र खरंच नवे. रॅकच्या बोल्टवर दहा वर्षांची माती जशीच्या तशी, पाना लागल्याची एक खूण नाही. मी बिल पुढे केलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि बोनेट उघडून म्हणाला, “साहेब, ह्या गाडीत पॉवर स्टिअरिंगचं तेल कुठं घालतात, तेवढं दाखवा की मला.”

मग मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यातल्या रॅकला नळ्या जोडायची दोन तोंडं होती. म्हणजे तो हायड्रॉलिक, तेलाच्या दाबावर चालणारा रॅक, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. लाल तेलही असंच कुठून तरी आलेलं. पुरावा माझ्याच खिशात होता आणि मी तो घेऊन २३० किलोमीटर आलो होतो.

नवा जॉइंट बूट-ग्रीससकट २,३५०, मजुरी ९००. एकूण ३,२५०. दोन तासांत काम झालं. बूट नुसता चिरलेला असतानाच बघितला असता तर बूट आणि ग्रीसवर भागलं असतं, म्हणाला. म्हणून सांगतो, टायर बदलायला चाक काढाल तेव्हा आत वाकून ते रबर बघा.

वळताना वाजलं म्हणजे स्टिअरिंगच गेलं, असं नसतं. वेगात लांब वळण घेताना घूंऽऽ असा आवाज येत असेल तर बहुधा व्हील बेअरिंग. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कडकड किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटचं वरचं माउंट बघायला सांगा. खड्ड्यात खडखड येत असेल तर लिंक रॉड, बॉल जॉइंट. तेलाची भीती हायड्रॉलिक गाड्यांना, आणि आपली कुठली ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. माझं मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्येच होतं, प्लॅस्टिकमध्ये.

परत आल्यावर गॅरेजवर गेलो. मालक म्हणाला, “मधे दुसऱ्याने हात लावलाय, आता वॉरंटी नाही.” वॉरंटी! नवीन पार्टचा खोका मागितला तर भंगारात गेला म्हणे.

पोलीस चौकीत चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, ही हद्द आमची नाही, पुलापलीकडची. पुलापलीकडच्यांनी परत अलीकडे पाठवलं. चौथ्यांदा एका हवालदाराने ऐकून घेतलं. मी म्हटलं, ही सरळ ४२० आहे. तो म्हणाला, “४२० गेलं, आता ३१८.” कलम बरोबर सांगितलं, पण लावलं नाही. “गाडी चालते ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे.” अर्जाच्या प्रतीवर पोच मिळवायला पाऊण तास भांडलो. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर ओटीपी दिला होता का, लिंक आली होती का. नाही म्हटल्यावर हे सायबरमध्ये बसत नाही. आरटीओत गेलो, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे हेल्मेट नसलं की पावती लगेच फाडतात, आणि ब्रेक-स्टिअरिंगशी खेळणाऱ्या माणसाला विचारणारं खातंच नाही! ग्राहक हेल्पलाइन १९१५ने तक्रार क्रमांक दिला, मेसेज दिले आणि समोरून प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद केली. बंद झाल्याचाही मेसेज आला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, एवढं लक्षात ठेवा. पण तिथेही पहिला प्रश्न, पक्कं बिल कुठे आहे. कच्चं बिल म्हणजे त्याच्या वहीचं फाटकं पान, सही नाही, शिक्का नाही. वाचलेला जीएसटी असा फिटतोय. मिरजेचा मेस्त्री लिहून द्यायला तयार नाही. “कोर्टात कशाला ओढता, दिवसाची हाजरी बुडंल माझी.” त्याच्यावर राग धरवत नाही.

केबल टाय, फाटका बूट आणि तो फोटो जपून ठेवलाय. तुम्हीही गाडी देण्याआधी खालून फोटो काढा, आणि नवीन पार्ट खोक्यातून तुमच्यासमोर निघाला पाहिजे. दिलेल्या गाडीपासून हलू नका, ऑफिस बुडालं तरी चालेल.

बाबांना मी २८,५०० चं सांगितलेलं नाही. पुण्यात नुसती सर्व्हिसिंग केली आणि मिरजेत एका पार्टला ३,२५० लागले, एवढंच त्यांना माहीत आहे. त्यावर ते म्हणाले, “जरा जास्तच घेतले त्याने. तुला बोलायला नको का?”