पहिलं कॉमिक निवडताना: मांगा, अल्बम की अमेरिकन अंक?

मोठेपणी कॉमिक्सकडे वळणाऱ्या वाचकापुढे मुख्यतः तीन परंपरा असतात: जपानी मांगा, फ्रान्स-बेल्जियमचे अल्बम आणि अमेरिकन मासिक अंक. तिन्हींत थोर कामं आहेत आणि तिन्हींत सुमार मालही भरपूर आहे, त्यामुळे कोणती परंपरा श्रेष्ठ यावर वाद घालून हाती काही लागत नाही. चित्रं आवडतात की नाही हे पाच पानं चाळली की कळतं. उशिरा कळते ती दुसरीच गोष्ट: मूळ कथा वाचकाला किती-किती तुकड्यांत मिळत होती. कुणी आठवड्याला पान-दोन पानं देत होतं, कुणी आठवड्याला वीस, कुणी महिन्याला बावीस. त्या मापावरच कथेची चाल, तिची लांबी आणि तिचा शेवट ठरतो. तुमची बैठक ज्या मापाशी जुळेल तिथून सुरुवात करा.

पानं मोजू नका, चौकटी मोजा

मांगाचा एक खंड साधारण ११ बाय १७ सेंटिमीटरचा, १८० ते २०० पानांचा आणि जवळजवळ सगळा कृष्णधवल असतो. अल्बम त्याच्या दुपटीहून मोठा, सुमारे २२ बाय ३० सेंटिमीटर, बहुधा पुठ्ठा बांधणीचा, ४८ किंवा ६४ पानांचा आणि पूर्ण रंगीत. अमेरिकन अंक १७ बाय २६ सेंटिमीटरचा. त्यात कथेची २० ते २२ पानं, बाकी जाहिराती. असे पाच-सहा अंक एकत्र बांधले की त्याला ट्रेड पेपरबॅक म्हणतात, आणि नव्या वाचकाने सुटे अंक सोडून तोच घ्यावा.

आकडे पाहून वाटतं, मांगाचा खंड अल्बमच्या तिप्पट वेळ चालेल. तसं होत नाही. मांगाच्या पानावर सहसा चार ते सहा चौकटी असतात, कधी पानभर एकच, आणि संवादांच्या फुग्यांत मोजके शब्द. अल्बमच्या पानावर चार ओळींत दहा ते चौदा चौकटी बसवलेल्या असतात, प्रत्येकीत मागचं दृश्य तपशीलवार काढलेलं आणि फुगे भरगच्च. त्यामुळे १९० पानांचा मांगा आणि कथेची ६२ पानं असलेला टिनटिनचा अल्बम हे दोन्ही निवांत वाचले तर तासाभराचेच. अमेरिकन सुटा अंक दहा-पंधरा मिनिटांत संपतो. १९६० च्या दशकातले अमेरिकन अंक मात्र याला अपवाद आहेत. त्यांत चित्रात दिसतंय तेच वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं आणि पात्रंही अखंड बोलत असतात, म्हणून तेवढ्याच पानांना दुप्पट वेळ लागतो. आजच्या वाचकाला ते जड जातात. इतिहास म्हणून मागाहून वाचावेत, सुरुवात त्यांनी करू नये.

तुकडा कुठे तुटतो

अल्बमचं कोणतंही पान उघडा आणि खालची उजवी चौकट पाहा. दार उघडतंय पण आत कोण ते दिसत नाही, पात्र दचकून चौकटीबाहेर बघतंय, गाडी वळणावर नाहीशी होतेय. या कथा साप्ताहिकांत पान-दोन पानांनी छापल्या जात, त्यामुळे जवळपास प्रत्येक पानाला आपला छोटासा अडकाव लागायचा. अल्बम वाचताना तोच अडकाव पान उलटायला लावतो. याचा फायदा असा की कुठेही थांबता येतं आणि दुसऱ्या दिवशी धागा लगेच सापडतो. रोज झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटंच मिळणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. तोटा असा की तीन-चार अल्बम सलग वाचले तर ही लय यंत्रासारखी वाटू लागते. एका दिवशी एकच अल्बम वाचावा.

मांगाचं प्रकरण आठवड्याला सुमारे १९ पानांचं असतं आणि अडकाव प्रकरणाच्या शेवटी येतो. मधली पानं मोकळी, वेगवान. एक चेंडू हातातून सुटून पलीकडे पोचेपर्यंत तीन पानं जाऊ शकतात: आधी नुसता डोळा, मग बोटं, मग वेगाच्या रेषांनी भरलेलं जोडपान. प्रत्येक चौकटीपाशी रेंगाळायची सवय असलेल्याला हे पोकळ वाटतं. मांगा वेगानेच वाचायचा असतो, नजर पानावरून घसरत जाईल अशीच त्याची रचना असते. चित्रकाराने जिथे थांबवलंय तिथे, म्हणजे मोठ्या शांत चौकटीत, आपोआप थांबणं होतं. मात्र अर्ध्या प्रकरणात पुस्तक मिटलं तर लय तुटते. सलग तास-दीड तास बसणाऱ्याचं हे वाचन आहे.

अमेरिकन अंकाची २२ पानं महिनाभर पुरवायची, म्हणून आधुनिक लेखक सहा अंकांची एक मोठी कथा आखतात. पहिल्या अंकात फारसं घडत नाही, खरी गाठ दुसऱ्या-तिसऱ्यात पडते. नुसता पहिला अंक वाचून मत बनवलं तर ते चुकण्याची शक्यता जास्त, आणि ट्रेड पेपरबॅक घ्या म्हणण्याचं कारणही हेच.

उजवीकडून डावीकडे

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी पहिल्या खंडात एक घोटाळा हमखास होतो: चौकटी उजवीकडून वाचल्या जातात, पण चौकटीच्या आतले फुगे सवयीने डावीकडून. मग उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो, आणि वाचक भाषांतराला दोष देतो. नियम सगळीकडे तोच आहे, मग ते पान असो, चौकटींची ओळ असो की एका चौकटीतले फुगे: वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे. तीस-चाळीस पानांत डोळा सरावतो.

जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशातल्यासारखी उलटवून छापत. ‘अकिरा’ १९८८ मध्ये अमेरिकेत निघाली ती अशीच, वर रंग भरून. उलटवल्यावर वाचणं सोपं होतं, पण उजव्या हाताने काम करणारी पात्रं डावखुरी होतात आणि चित्रकाराने डावीकडे टाकलेला भार उजवीकडे जातो. जुनी प्रत मिळत असेल तर आत पाहून ठरवा. माझं मत मूळ दिशेच्या बाजूने आहे, सरावाची तेवढी किंमत द्यावी.

संपणार आहे का?

इथे तिन्ही परंपरा सर्वांत जास्त वेगळ्या पडतात, आणि चुकीची खरेदीही इथेच होते.

अल्बम बहुतेक वेळा एकात एक संपतो. ॲस्टरिक्स १९५९ मध्ये सुरू झालं, आज चाळिसाहून अधिक अल्बम आहेत, पण कोणताही आधी वाचला तरी अडत नाही. लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेले. त्यांनी लिहिलेले अल्बम म्हणजे पहिले २४, आणि माझ्या मते संवादांची धार त्यांतच आहे, म्हणून निवड त्यांतूनच करा. टिनटिनचे २४ अल्बम आहेत, पण १९२९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या कथेपासून क्रमाने जाऊ नका. पहिला अल्बम कच्चा आहे, दुसऱ्यात आफ्रिकेतल्या माणसांचं चित्रण वसाहतवादी आणि अपमानास्पद आहे, आणि चोविसावा टिनटिनचे निर्माते एर्जे यांच्या निधनामुळे अपुराच राहिला. शिवाय काही कथा दोन अल्बममध्ये विभागलेल्या आहेत. ‘द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न’ घेतलं तर ‘रेड रॅकहॅम्स ट्रेझर’ सोबतच घ्या, नाहीतर ऐन भरात पुस्तक संपतं. सुरुवातीला ही जोडी उत्तम.

मांगा ही सहसा एकाच निर्मात्याने सांगितलेली एकच लांब कथा असते आणि खंड क्रमानेच वाचावे लागतात. त्यामुळे घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: एकूण खंड किती, आणि मालिका संपली आहे का. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि शंभरावर खंड झाले आहेत. ‘व्हॅगाबाँड’ ३७ खंडांनंतर २०१५ पासून थांबलेलं आहे. चित्रं अप्रतिम, पण शेवट हवाच असणाऱ्याने त्यात पडू नये. त्याउलट ‘अकिरा’ ६ खंडांत, ‘प्लूटो’ ८ खंडांत, ‘डेथ नोट’ १२ खंडांत आणि ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २७ खंडांत पूर्ण होते. मोठ्या साप्ताहिकांत वाचकांच्या कौलावर मालिकेचं आयुष्य ठरतं. लोकप्रिय मालिका त्यामुळे ताणली जाते, तर नावडती झटपट गुंडाळली जाते. पहिली मालिका सहा ते बारा खंडांतलीच घ्यावी. आणखी एक सावधगिरी: शोनेन, सेइनेन ही नावं मूळ मासिकाचा अपेक्षित वाचक सांगतात, आत काय आहे ते सांगत नाहीत. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलग्यांसाठीचं मासिक, सेइनेन म्हणजे तरुण पुरुषांसाठीचं, पण शोनेनमध्येही रक्तपात पुष्कळ असू शकतो. मुलांच्या हाती देण्याआधी मधली वीस पानं स्वतः पाहा.

अमेरिकन सुपरहिरोंची गोष्ट संपतच नाही. पात्राची मालकी प्रकाशकाकडे असते, लेखक-चित्रकार येतात-जातात. त्यात क्रमांकांचा गुंता. ‘ॲक्शन कॉमिक्स’ या सुपरमॅनच्या मालिकेचा पहिला अंक १९३८ चा. २०११ मध्ये प्रकाशकाने आपल्या ५२ मालिका एकदम पहिल्या अंकापासून सुरू केल्या, त्यात ही पुन्हा १ वर आली. २०१६ मध्ये जुना हिशेब जोडून ती ९५७ वर गेली आणि २०१८ मध्ये हजारावा अंक निघाला. म्हणून मुखपृष्ठावरच्या ‘खंड १’वर विसंबू नका. एकाच पात्राचे ‘खंड १’ कितीतरी निघाले आहेत. आतलं प्रकाशनाच्या तपशिलाचं पान उघडा, तिथे कोणत्या मालिकेचे कोणते अंक आणि मूळ कोणत्या वर्षाचे हे छापलेलं असतं. अंकांच्या यादीत दोन-तीन वेगवेगळ्या मालिकांची नावं दिसली तर ती बहुधा अनेक पात्रांची एकत्र मोहीम असते. तिचे काही धागे दुसऱ्या पुस्तकांत असतात, आणि नव्या वाचकाची वाट तिथेच चुकते.

पण हीच परंपरा बंदिस्त कथांत अव्वल ठरते. ‘वॉचमन’ १२ अंकांत पूर्ण होते, ‘सँडमन’चे ७५ अंक १९८९ ते १९९६ या काळात निघाले आणि कथा तिथे थांबली. ‘माउस’ दोन भागांत पूर्ण आहे आणि १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. कादंबरीचा वाचक असाल आणि नक्की काय शोधताय ते ठाऊक असेल, तर या वाटेने जरूर जा. ‘सुपरहिरो हवा, पण सोपा’ एवढीच मागणी असेल, तर ही परंपरा सध्या बाजूला ठेवा.

कागद की स्क्रीन

दहा इंची, चार बाय तीन प्रमाणाचा टॅबलेट घेतला तर त्याचा पडदा सुमारे २० बाय १५ सेंटिमीटर भरतो. मांगाचं पान त्यावर पूर्ण आकारात बसतं. अमेरिकन पान साधारण तीन-चतुर्थांश होतं, तरी चालतं. अल्बमचं पान दोन-तृतीयांशावर येतं आणि फुग्यातली अक्षरं वाचायला डोळे ताणावे लागतात. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, पण तिने पानाची रचना मोडते. ‘वॉचमन’सारख्या, बहुतेक पानं नऊ समान चौकटींवर बेतलेल्या पुस्तकाला ती त्यातल्या त्यात मानवते. अल्बम कागदावरच घ्या.

ई-इंक वाचकयंत्र मांगाला योग्य, तेही सात-आठ इंचांचं. सहा इंचीवर अक्षरं बारीक होतात. मांगातली करडी छटा बारीक ठिपक्यांची असते. हलक्या प्रतीची फाइल लहान करून दाखवली की ते ठिपके एकमेकांत गुंततात आणि कपड्यांवर, आभाळावर लाटांसारखी नक्षी उमटते. तो छपाईचा दोष नाही. जास्त रिझोल्यूशनची प्रत घेतली की नक्षी जाते.

कागदावर बांधणी तपासायला हवी. मांगाची पाठ बहुतेक नुसती चिकटवलेली असते, जोर लावून सपाट उघडली की कण्यावर चीर पडते आणि पानं सुटू लागतात. अमेरिकन बाजूला हजार पानांचे जाडजूड ऑम्निबस निघतात. ते शिवलेले नसतील तर जोडपानावरच्या चित्राचा मधला भाग कण्यात जातो, नेमका जिथे चेहरा असतो तिथे. शिवाय ते हातात धरून वाचता येत नाहीत, टेबल लागतं. तीच कथा ट्रेड पेपरबॅकच्या पाच पुस्तकांत मिळत असेल तर पाच पुस्तकं घ्या.

मग काय घ्यावं

वेळ तुटक मिळत असेल, घरात दहा वर्षांचं मूल आणि साठीचे आजोबा दोघंही तेच पुस्तक हातात घेणार असतील, तर अल्बम. रात्री सलग बसणं जमत असेल आणि एका जगात महिनाभर राहायचं असेल, तर पूर्ण झालेला, बारा खंडांच्या आतला मांगा. गद्य कादंबरीच्या तोडीचं, एका बैठकीत न पचणारं काही हवं असेल, तर अमेरिकन बंदिस्त मालिका. काहीच ठरत नसेल, तर माझा कौल अल्बमला: चुकला तरी एक तासच जातो, आणि चौकट, फुगा, पान उलटणं या गोष्टी डोळ्याला तिथेच सर्वांत नीट समजतात.

मांगा घेणार असाल तर पूर्ण संच एकदम घेऊ नका. पहिले दोन खंड वाचा, कारण पहिल्या खंडात निर्माता पात्रं मांडण्यातच गुंतलेला असतो. दुसरा संपल्यावर तिसरा लगेच हातात घ्यावासा वाटला, तरच पुढचे आणा.