टर्बोप्रॉपचा पाच दिवसांचा सिम्युलेटर कोर्स: आठ महिन्यांनंतर

मी पेशाने दंतवैद्य, राहतो डॅलसजवळ. गेल्या वर्षी बोनान्झा (पिस्टन इंजिनाचं छोटं विमान) विकून एका मित्रासोबत भागीत जुनं टीबीएम ७०० घेतलं. हे टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारं विमान. अमेरिकेत १२,५०० पौंडांच्या आतल्या टर्बोप्रॉपला टाइप रेटिंग (त्या मॉडेलचा वेगळा परवाना) लागत नाही, उंचीवरच्या उड्डाणाचा शेरा लॉगबुकात मिळाला की कायद्याचं काम झालं. पण विमा कंपनी ऐकते थोडीच! कोर्स केल्याशिवाय पॉलिसी नाही, म्हणून गेलो. म्हणजे हौसेनं गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो इंजिन सुरू करण्याचा सराव. पीटी-६ या आमच्या इंजिनाचं गणित साधं आहे: स्टार्टरने एनजी (आतल्या टर्बाइनच्या फिरण्याचा वेग) १३ टक्क्यांवर आणायचा, मग कंडिशन लीव्हर पुढे करून इंधन सोडायचं आणि नजर आयटीटीवर, म्हणजे इंजिनाच्या आतल्या तापमानावर. बॅटरी अशक्त असेल तर एनजी चढत नाही, हवा कमी पडते, आणि तेवढ्यात इंधन सोडलंत तर तापमान काही सेकंदांत भडकतं, आतली पाती भाजून निघतात. सिम्युलेटरमध्ये पहिल्या वेळी मी आकडा बघतच बसलो. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "इंजिन गेलं." तेव्हापासून त्यांनी प्रत्येक आकडा मोठ्याने बोलायची सवय लावून दिली. बायको मागून विचारते, "अरे, कुणाशी बोलतोयस?"

जानेवारीत अमरिलोला विमान रात्रभर थंडीत उघड्यावर होतं. सकाळी एनजी ११ वर येऊन अडकला. हात लीव्हरवर होता, घरी जायची घाई होती, आणि "दोनच टक्के तर कमी आहेत" हा विचारही आला. पण तोंडाने "अकरा... थांबला" म्हटलं आणि हाताने स्टार्टर बंद केला. बाहेरून वीज देणारी पॉवर कार्ट मागवली, अर्धा तास गेला. कोर्सचे पैसे त्या दिवशी वसूल झाले.

दुसरी गोष्ट उतरण्याच्या हिशोबाची. बोनान्झा ८,००० फुटांवरून वीसेक मैल आधी खाली वळवली तरी चालायचं. आता २६,००० वरून २,००० ला यायचं म्हणजे दर हजार फुटांना तीन मैल, २४ गुणिले ३, म्हणजे ७२ मैल आधी. आणि जमिनीवरचा वेग २८० नॉट असेल तर त्याची पाचपट, मिनिटाला १,४०० फूट या वेगाने खाली यायचं. आठ महिन्यांत हा हिशोब मनात आपोआप व्हायला लागलाय.

आता तक्रारी. तिथल्या सिम्युलेटरमधला जीपीएस आमच्यापेक्षा जुन्या पिढीचा होता, त्यामुळे बटणं शोधण्यातच पहिला दीड दिवस वाया गेला. गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) कमी वेगात पॉवर एकदम दिली की विमान डावीकडे कसं ओढलं जातं, ते तिथे पडद्यावर दिसतं, पण पायाला कळत नाही. ते मेंटॉर पायलटसोबत (शिकवायला सोबत बसणारा अनुभवी वैमानिक) खऱ्या विमानातच शिकलो.

ऑक्सिजन मास्कचं तर विचारूच नका. २८,००० फुटांवर केबिनचा दाब गेला तर शुद्धीवर काम करायला जेमतेम अडीच-तीन मिनिटं मिळतात. इन्स्ट्रक्टर स्टॉपवॉच लावायचे. मी आधी चेकलिस्ट शोधायला गेलो म्हणून पहिल्याच दिवशी झाडलं होतं: आधी मास्क, बाकी सगळं नंतर. उत्तम. पण तिथे मास्क चढवला की माइक आपोआप चालू व्हायचा. आमच्या विमानात त्याला वेगळा स्विच आहे. हे मला कळलं तीन महिन्यांनी, हँगरमध्ये सहज घालून बघितला तेव्हा. खऱ्या प्रसंगी कंट्रोलरला माझा आवाजच गेला नसता! तेव्हापासून महिन्यातून एकदा जमिनीवर डोळे मिटून मास्क आणि स्विच दोन्ही करून बघतो.

माझा भागीदार म्हणतो, पुढच्या वर्षी आपल्याच विमानात इन्स्ट्रक्टर बोलावू, स्वस्त पडेल. पडेलही. पण आपल्या इंजिनावर हॉट स्टार्टचा (सुरू करताना तापमान भडकण्याचा) सराव कोण करून दाखवणार? मी जूनमध्ये पुन्हा सिम्युलेटरलाच जाणार आहे. या वेळी आमच्या विमानाच्या चेकलिस्टची झेरॉक्स सोबत नेईन, आणि जीपीएस कोणता आहे ते आधी फोन करून विचारेन.