‘आधी आतडी सुधारा, मग गोळी सुटेल’ असं कुणी सांगितलं तर हे वाचा

माझी थोरली बहीण, आमची अक्का, कित्येक वर्षं थायरॉइडची गोळी घेत होती. ७५ मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. रिपोर्ट व्यवस्थित यायचे. तक्रार एकच, पोट साफ व्हायचं नाही आणि गॅस धरायचा. इचलकरंजीत त्यांच्या बचत गटाच्या बैठकीला एक ‘वेलनेस कोच’ बाई आल्या आणि त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. “ताई, थायरॉइडचं मूळ गळ्यात नाही, आतड्यात आहे. आतडी साफ झाली की गोळी आपोआप सुटते. आयुष्यभर गोळ्याच खायच्यात का?”

तीन महिन्यांचं किट १८,५०० रुपयांचं. त्यात पोट साफ करायचं चूर्ण, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, केसांसाठी एक पावडर आणि छापील आहारतक्ता. डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक दाखवून “सरकारमान्य आहे” म्हणाल्या. तो खाद्यपदार्थाच्या परवान्याचा क्रमांक असतो, रोग बरा करण्याचा दाखला नव्हे. त्याच डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही इंग्रजीत बारीक छापलेलं होतं.

आहारतक्ता वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. बेकरीचे पदार्थ आणि तळलेलं बंद, ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाजी, दुपारी ताजं ताक. अक्काचं पोट खरंच हलकं झालं. गोळी कोचबाईंच्या सांगण्यावरून आधीच बंद केली होती, तरी तिला काही त्रास जाणवेना. तिचा विश्वास बसला तो इथे, आणि फसवणुकीची सगळी मेख इथेच आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जे हार्मोन बनवते आणि गोळीतून जे दिलं जातं ते थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे गोळी थांबवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे माणूस साठ्यावरच चालत असतो. त्याच दिवसांत भाकरी-ताकानं पोटाला आराम पडतो आणि सगळं श्रेय किटला जातं.

नंतर अक्काचा चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. आवाज घोगरा झाला, भर उन्हाळ्यात पंखा नकोसा वाटायला लागला, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. बद्धकोष्ठही परत आलं, आधीपेक्षा वाईट. कोचबाई म्हणाल्या, “शरीरातलं विष बाहेर पडतंय, घाबरू नका.” विष कसलं? थायरॉइड मंदावला की आतड्यांची हालचालही मंदावते. म्हणजे तिच्या पोटाचा त्रास वाढत होता तो गोळी सोडल्यामुळे, आणि उपाय म्हणून तिला चूर्णाचा डोस वाढवून दिला जात होता.

मी तपासणीचा हट्ट धरला. कोचबाईंनीच लॅब सुचवली आणि बजावलं, “त्या दिवशीही पावडर चुकवायची नाही.” रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन, आला जवळपास नॉर्मल! अक्कानं तो गटात सगळ्यांना दाखवला.

आमच्या डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग सगळे डबे मागवले. केसांच्या पावडरच्या एका चमच्यात १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन हे ब जीवनसत्त्व होतं. मोठ्या माणसाला रोज लागतं ३० च्या आसपास. टीएसएच मोजायच्या काही पद्धतींमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की यंत्र टीएसएच खोटाच कमी दाखवतं आणि टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, खोटंच जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. पावडर बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, तेव्हा टीएसएच साठच्या वर निघाला. वरची मर्यादा साधारण चार-पाच असते.

शेवाळाच्या कॅप्सूलबद्दलही डॉक्टर चिडले. अक्काला हाशिमोतोचा आजार आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते. अशा रुग्णाला जादा आयोडीन उलट बाधतं. रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची, ती आयोडीनयुक्त मीठ असलेल्या घरात सहसा भागते.

आतड्यांचा आणि थायरॉइडचा संबंध खोटा नाही, पण कोचबाईंनी तो उलटा करून विकला. हाशिमोतोच्या काही रुग्णांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, सीलिअॅकचा आजार असतो. त्याची रक्ततपासणी असते, आणि ती गहू सोडायच्या आधी करायची, नाहीतर नीट कळत नाही. जठराच्या जुन्या विकारात गोळी कमी शोषली जाते. चहा-कॉफी गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासानं घ्यावी, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं. हे सगळं डॉक्टरांनी फुकट समजावलं. ज्या ग्रंथीचा बराच भाग निकामी झालाय तिच्यात भाकरी-ताकानं हार्मोन परत तयार होत नाही. आहार सुधारायचाच असेल तर जरूर सुधारा, पण गोळीच्या जोडीनं. या गोळीला महिन्याला शंभर रुपयेही लागत नाहीत.

किटचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत. पावतीवर फक्त ‘आहार सल्ला’ लिहिलंय. ‘गोळी बंद करा’ हे कोचबाईंनी कधीच लिहून पाठवलं नाही, दर वेळी फोनवर सांगितलं. तुमच्याशी कुणी असं बोललं तर “मेसेज करा” म्हणा आणि काय उत्तर येतं ते पाहा. डबे, पावती, रिपोर्ट, काहीच फेकू नका. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे डब्यांच्या फोटोंसह अर्ज दिला आहे.

अक्काचा तो ‘नॉर्मल’ रिपोर्ट पाहून गटातल्या आणखी एका मुलीनं गोळी सोडली होती. तिला नुकतेच दिवस गेले आहेत. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि बहुतेकींचा डोस तेव्हा वाढवावा लागतो. अक्का स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेली. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. तिच्या सासूबाईंनी मात्र किटमधला राहिलेला डबा अजून कपाटात ठेवलाय, बाळंतपणानंतर उपयोगी पडेल म्हणून. त्यांना समजवायला मी रविवारी जाणार आहे.