रोपवाटिका झकास, पण वेडेलिया घेऊ नका (३/५)

रोपवाटिका चांगली आहे, हे आधी सांगतो. पाच कलमी गुलाब नेले, पाचही जगले. मालक काका घासाघीस करू देत नाहीत, पण निघताना एखादं रोप वर टाकतात. दोन तारे कापले ते वेडेलियापायी.

मुळशीला माझ्या घरामागे उतार आहे, पावसात माती ओघळते. जमिनीवर पसरणारं काहीतरी द्या म्हटल्यावर काकांनी पिवळ्या फुलांच्या वेडेलियाच्या पन्नास पिशव्या गाडीत चढवल्या. "साहेब, खत नको, निगा नको, सावलीतही चालतं. कापून फेकलंत तरी तिथे फुटेल!"

कृषी सहायक म्हणून जन्म काढलेल्या माझे कान तिथेच टवकारायला हवे होते. ऑस्ट्रेलियात १९९७ पासून परदेशी झाडाला आत घेण्याआधी ४९ प्रश्न विचारतात. इतर कुठे तण म्हणून माजलंय का? तुकड्यापासून वाढतं का? सावलीत तगतं का? बी कपड्यांना चिकटून फिरतं का? धोक्याचे गुण ६ च्या वर गेले की प्रवेश बंद. काकांनी कौतुक म्हणून सांगितलेलं सगळं त्या परीक्षेत गुन्ह्यात जमा होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर जगजाहीर आहे: जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत वेडेलिया आहे, तिची चुलत बहीण रानमोडीही आहे.

बी फारसं धरत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. पण जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. दुसऱ्या पावसाळ्यात वेल बांध ओलांडून ओढ्याकडे निघाली. उपटून उकिरड्यावर टाकली, तर उकिरडाच हिरवागार! आता उपटलेलं सगळं ताडपत्रीवर कडक वाळवतो.

वेडेलियाच्या सगळ्या सूर्यफूल कुळाला दोष देत नाही. झेंडूही त्यातलाच, मूळचा मेक्सिकोचा, पण पेरल्या वाफ्यात गुमान राहतो. त्याच देशातून आलेला पिवळा कॉसमॉस मात्र पुण्याच्या टेकड्यांवर पसरलाय आणि लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. गाजर गवतही याच कुळातलं. १९५० च्या दशकात ते पुण्यात दिसलं तेव्हा निदान कुणी पैसे मोजून आणलं नव्हतं. मी मोजले.

काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मागणी आहे हो." उतारावर आता वाळा लावलाय. तोही त्यांच्याकडूनच घेतला, ठोंब दणकट निघाले.