निकॉन मोनार्क एम५ (८ बाय ४२): पाहुण्या पक्ष्यांच्या दोन महिन्यांत वापरून पाहिली

सप्टेंबरपासून दर रविवारी ही दुर्बीण घेऊन नागपूरच्या उमरेड रोडकडच्या एका तलावावर जाऊन राहिलो, आता नोव्हेंबर अर्धा झाला, म्हणून लिहितोय.

आधी माझ्याकडे ऑनलाइन घेतलेली २० बाय ५० होती, कंपनीचं नाव नाही घेत. वीस पट म्हणजे भल्ली भारी असं वाटलं होतं पण हातात धरली की बदक नुसतं नाचायचं, आणि सकाळी सहाला सगळं काळंकाळं. कारण नंतर कळलं. समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास (दुसरा आकडा) भागिले पट (पहिला आकडा), तेवढ्या मिलिमीटरची उजेडाची चकती डोळ्यात येते. तिच्यात ५० भागिले २० म्हणजे अडीच, आणि ह्या ८ बाय ४२ मध्ये सव्वापाच. पहाटे आपली बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा फरक लगेच कळतो. म्हणून पाणपक्षी बघायचे असतील तर पट बघून भुलू नका राजेहो.

आमच्या तलावाच्या मधोमध एक छोटं बेट आहे, चार बाभळी आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. काठापासून असेल अडीचशे मीटर. आठ पटीत ते तीसेक मीटरवर आल्यासारखं दिसतं. सप्टेंबरात धोबी आले, चिखल्या-तुतवार तर त्याच्याही आधीपासून होते, पण पावसाळ्यानंतर तलाव काठोकाठ भरलेला, त्यांना उतरायला चिखलच नाही, मग सगळी गर्दी बेटाच्या कडेला. ऑक्टोबरात बदकं यायला लागली आणि खरी परीक्षा तिथे झाली. थापट्या बदकाच्या नराचं हिरवं डोकं फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण नुकताच आलेला नर बहुतेक वेळा मादीसारखाच मातकट असतो, नवी पिसं यायची असतात. तेव्हा रंगावर जाऊन चालत नाही, चोच बघावी लागते. ती फावड्यासारखी रुंद चोच बेटाच्या सावलीतसुद्धा स्वच्छ दिसली आणि ती आधी बाबांनी ओळखली! बाबांना जाड चष्मा आहे. ह्यात आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण दिसतं ते अंतर, साडेएकोणीस मिलिमीटर आहे, म्हणून चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो. जुन्या दुर्बिणीत त्यांना कधीच काही दिसलं नव्हतं. माझ्यासाठी इथेच पैसे वसूल झाले.

वजन ६३० ग्रॅम, दोन तास गळ्यात त्रास नाही. आत नायट्रोजन भरलेला आहे आणि वॉटरप्रूफ आहे, परतीच्या पावसात भिजली तरी आतून धुकं धरलं नाही. एकदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बेटावरून अगदी कमी उंचीवरून गेला तर सगळी बदकं एकदम उठली, हजार मीटरवर ११२ मीटर रुंदी दिसते म्हणून अख्खा थवा एका नजरेत मावला, तलवार बदकांच्या लांब शेपट्यांसकट.

तिथले एक ढीवर काका म्हणाले डोंग्यातून बेटापर्यंत नेतो, चला. प्रेमाने म्हणाले पण आम्ही नाही गेलो. इतक्या लांबून उडून आलेल्या पाखरांना चरायचं असतं, आपण गेलो की ती उडतात आणि खाल्लेलं सगळं तिथेच खर्च होतं. चांगली दुर्बीण असली की बेटावर जायची गरजच पडत नाही, काठावर बाभळीखाली बसा, गडद कपडे घाला, गप्प राहा.

सीताबर्डीतल्या दुकानात घेतली, दुकानदाराने बाहेर रस्त्यावर नेऊन लांबची पाटी वाचू दिली, असं पाहूनच घ्या. फक्त चिमणीएवढे टिलवे बेटाच्या पलीकडच्या कडेला असले तर आठ पटीत ठिपकेच राहतात, त्याला ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण) लागतो, कोणत्याही हातातल्या दुर्बिणीचं काम नाही ते. हिवाळ्यात मंगोलिया-तिबेटकडून पट्टकदंब हंस येतात ते मात्र चांगले मोठे, त्यांच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या ह्यात मोजता येतील, आता त्यांचीच वाट पाहून राहिलो.