फुकटच्या कामांचे अठराशे डॉलर

आम्ही पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात उतरलो त्याला आता चौदा महिने झाले. फसवणुकीचा हा अनुभव लिहायला इतका उशीर झाला, कारण लाज वाटत होती. माझे पती अभियंते आहेत आणि मी स्वतः बारा वर्षे बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासण्याचे काम केले आहे. दुसऱ्यांच्या सह्या आणि पावत्या पारखून घेणाऱ्या बाईने स्वतःचे पैसे पावतीविना दिले, हे माहेरी सांगायचे कसे, या विचारात पहिले सहा महिने गेले.

निघण्याच्या तीन महिने आधी आम्ही इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात सामील झालो. तेथे कोणी काहीही विचारले की एक गृहस्थ तत्परतेने, अतिशय गोड भाषेत उत्तर देत असत. आम्ही त्यांना दादा म्हणू लागलो आणि ते मला वहिनी. "वहिनी, तुम्ही फक्त बॅगा घेऊन उतरा, बाकीचे माझ्यावर सोडा," हे त्यांचे वाक्य आजही कानात आहे. विमानतळावरून घरी नेणे, सिन क्रमांक (नोकरी आणि सरकारी कामांसाठी लागणारा ओळख क्रमांक), हेल्थ कार्ड, बँकेतील खाते, मुलीचा शाळाप्रवेश, बालभत्त्याचा अर्ज आणि 'नोकरीची फाइल' असे सगळे मिळून त्यांचे पॅकेज १,८०० डॉलरचे होते. ही रक्कम त्यांच्या भाच्याच्या भारतातील खात्यात रुपयांमध्ये भरायची होती. पावतीचा विषय मी काढला होता, पण "आपल्या माणसांत पावती कसली?" असे ते म्हणाले आणि मलाच ओशाळल्यासारखे झाले.

उतरल्यावर तिसऱ्या दिवशी ते आम्हाला सर्व्हिस कॅनडाच्या, म्हणजे सिन क्रमांक देणाऱ्या सरकारी कार्यालयात घेऊन गेले. आम्हाला खुर्च्यांवर बसवून ते खिडकीपाशी काहीतरी बोलून आले आणि "ओळख काढली, आता लवकर होईल," असे म्हणाले. प्रत्यक्षात त्यांनी फक्त टोकन घेतले होते. आमची पाळी आली तेव्हा कर्मचारी महिलेने पासपोर्ट आणि पीआर म्हणून उतरल्याचा कागद पाहिला, पंधरा-वीस मिनिटांत क्रमांक असलेले पत्र छापून हातात दिले आणि हा क्रमांक कोणालाही दाखवू नका, पत्र घरी जपून ठेवा, असे बजावले. पैसे कोणी मागितले नाहीत. मी तसे बोलून दाखवल्यावर दादा हसून म्हणाले की, पैसे प्लास्टिकच्या कार्डाला पडतात. आठवडाभराने त्यांनी माणशी ६० डॉलर घेऊन तीन कार्डे आणून दिली. सिनची प्लास्टिक कार्डे देणे सरकारने २०१४ मध्येच बंद केले आहे. आमच्या हातात पडले ते घरच्या प्रिंटरवर छापून लॅमिनेट केलेले कागद होते, आणि एका कार्डाच्या कोपऱ्यात तर लॅमिनेशनचा फुगाही तसाच राहिला होता. तो फुगा मी पाहिला होता, तरीही त्या दिवशी मी काही बोलले नाही.

पॅकेजमधले जवळजवळ प्रत्येक काम मुळात विनामूल्य आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. सिन क्रमांकाला शुल्क नाही, प्रांताच्या आरोग्यविम्याच्या कार्डाला नाही, सरकारी शाळेतील प्रवेशाला नाही आणि बालभत्त्याच्या अर्जालाही नाही. इतकेच नव्हे, तर हे अर्ज भरून देण्यासाठी, सोबत दुभाषी देण्यासाठी, नोकरीचा अर्ज इथल्या पद्धतीने लिहायला शिकवण्यासाठी केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या सेटलमेंट संस्था गावोगावी आहेत, आणि पीआर असलेल्यांना तसेच निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांना त्यांची सेवा मोफत मिळते. १९९२ पासून चालू असलेले लिंक नावाचे इंग्रजीचे वर्गही मोफतच आहेत. दादांना हे सारे माहीत होते. किंबहुना, नंतर समजल्याप्रमाणे, आमची 'नोकरीची फाइल' म्हणजे अशाच एका संस्थेच्या मोफत कार्यशाळेतील नमुना होता, ज्यातले नाव तेवढे बदललेले होते.

इथवरचे नुकसान सोसण्यासारखे होते. खरा फटका घराचा बसला. क्रेडिट हिस्टरी (कर्ज आणि बिले फेडल्याची नोंद) नसलेल्या नव्या माणसाला सहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावेच लागते, असे सांगून दादांनी मिसिसागातील एका बेसमेंटसाठी महिना १,६०० प्रमाणे ९,६०० डॉलर रोख घेतले. घरमालक म्हातारे आहेत, त्यांना त्रास नको, व्यवहार माझ्यामार्फतच ठेवा, असेही बजावले. तिसऱ्या महिन्याच्या दोन तारखेला संध्याकाळी जिन्याच्या दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरचे आजोबा संकोचाने विचारत होते की, भाड्याला उशीर होणार आहे का? त्यांच्या हाती पहिल्या दोन महिन्यांचेच पैसे पोचले होते, आणि दादा आमचे सख्खे नातेवाईक आहेत अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. उरलेल्या ६,४०० डॉलरचा पत्ता नव्हता. पोळ्या करता करता मी पिठाच्या हातांनीच दार उघडले होते. त्यांच्यासमोर बराच वेळ मला शब्द सुचेना.

ऑन्टारिओच्या भाडेकायद्यानुसार घरमालकाला चालू महिन्याचे भाडे आणि अनामत म्हणून जास्तीत जास्त शेवटच्या एका महिन्याचे भाडे, एवढेच मागता येते. ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरांसाठी सरकारी नमुन्यातील लेखी करारही सक्तीचा आहे. आमच्याकडे करार नव्हता, आणि तो मागावा हे आम्हाला सुचलेही नव्हते.

जाब विचारायचे आम्ही ठरवले, पण दादांच्या हातात आमची दोरी होती. विमानतळावर अधिकाऱ्याने पीआर कार्ड कोणत्या पत्त्यावर पाठवायचे असे विचारले, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्याच घरचा पत्ता दिला होता. "टपाल हरवते, माझ्याकडे सुरक्षित येईल," हे त्यांचे कारण होते. कार्डे आली की नाही, असे विचारले की दर वेळी "प्रोसेसिंग चालू आहे" असे उत्तर मिळे. डिसेंबरमध्ये सासूबाई आजारी पडल्या आणि माझ्या पतींना भारतात जाणे भाग पडले. पीआर कार्डाशिवाय परतीच्या विमानात सहसा बसू देत नाहीत. दादांना हे ठाऊक असल्याने त्यांनी कार्डे 'सोडवून आणण्याचे' ७०० डॉलर मागितले. चौकशी केली तेव्हा कार्डे पाच आठवड्यांपूर्वीच टपालात पडल्याचे कळले.

शेवटी २११ या, स्थानिक मदतसेवांची माहिती देणाऱ्या क्रमांकावर फोन केला. तेथून जवळच्या सेटलमेंट संस्थेचा पत्ता मिळाला. आमचे ऐकून घेणाऱ्या सेटलमेंट वर्कर बाईंना आश्चर्य वाटले नाही, आणि त्याचाच मला अधिक धक्का बसला. त्यांनी दादांना फोन करायचे टाळले आणि आमच्याकडून दोन ओळींचा संदेश लिहून घेतला: पीआर कार्ड ही कॅनडा सरकारची मालमत्ता आहे, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत ते मिळाले नाही तर पोलिसांत तक्रार करू. दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही कार्डे आमच्या पत्रपेटीत होती. पाकिटे अर्थातच फोडलेली होती.

त्या कार्यालयात वाट पाहत असताना शेजारी बसलेल्या एका बाईंची हकीकत ऐकली, त्यापुढे आमचे नुकसान किरकोळ वाटावे. त्यांनी निर्वासित म्हणून आश्रय मागितला होता. त्यांच्या जिवावर काय बेतले ते स्वतःच्या शब्दांत सांगण्याच्या अर्जात, पैसे घेऊन मदत करणाऱ्या त्यांच्याच भाषेतील एका माणसाने दुसऱ्याच कोणाची कहाणी उतरवून दिली होती, आणि प्रतिनिधी म्हणून स्वतःचे नाव मात्र कोठेही लिहिले नव्हते. अशा कामाचे पैसे घेण्याची मुभा केवळ वकील, क्वेबेकचे नोटरी, विधिसंस्थांचे (लॉ सोसायटी) परवानाधारक आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचे (नियामक संस्थेचे) सदस्य यांनाच आहे. या सदस्यांची यादी कोणालाही ऑनलाइन तपासता येते. ऑन्टारिओत पात्र आश्रयार्थींना सरकारी कायदेमदतही मिळते. त्या बाईंना दोन्ही गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या.

आम्ही पोलिसांत आणि कॅनडाच्या फसवणूकविरोधी केंद्रात तक्रार नोंदवली. लोकांच्या कर्जांची आणि बिलांची नोंद ठेवणाऱ्या दोन्ही क्रेडिट ब्यूरोंकडून आमचा अहवाल मागवला, तेव्हा माझ्या नावावर मी कधीही न घेतलेले एक मोबाइल कनेक्शन निघाले. ते बंद करून आता अहवालावर सावधानतेची नोंद करून घेतली आहे. वरच्या आजोबांनी थकलेले भाडे हप्त्याने घेण्याचे मान्य केले. त्यांचेही नुकसानच झाले होते. ६,४०० पैकी एक डॉलरही परत आलेला नाही.

गेल्या महिन्यात त्याच गटात पुण्याहून निघालेल्या एका कुटुंबाने घराबद्दल विचारले आणि पाच मिनिटांत दादांचे उत्तर आले. त्याखाली मी २११ हा क्रमांक आणि भाडेकायद्यातील एका महिन्याची मर्यादा, एवढेच लिहिले. रात्री मला गटातून काढून टाकण्यात आले. त्या कुटुंबाचा क्रमांक माझ्याकडे नाही. त्यांचे विमान पुढच्या आठवड्यात आहे.