गॅस भरायचा, कॉम्प्रेसर बदलायचा की नवा फ्रीज घ्यायचा?

फ्रीज गार करेनासा झाला की मेकॅनिक मागच्या बाजूला हात लावून बघतो आणि सांगतो, "गॅस गेलाय, भरावा लागेल." पुष्कळ घरांत निर्णय इथेच होतो, आणि तो घाईचा असतो. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांतच फिरत राहतो, वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा खर्च विचारण्याआधी एवढं ठरवा: बिघाड नळ्यांच्या आतला की बाहेरचा?

बाहेरचा असेल तर बहुतेक वेळा दुरुस्तीच करावी, फ्रीज पंधरा वर्षांचा असला तरी. आत दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर चालू होत नाही; दर काही मिनिटांनी मागून 'टक्' आवाज येतो आणि पुन्हा शांत. अशा वेळी आधी घरातला व्होल्टेज आणि मग रिले-ओव्हरलोड (कॉम्प्रेसर सुरू करणारा आणि जादा भार आला तर बंद करणारा भाग) तपासायचा. हे सुटे भाग काहीशे रुपयांचे असतात. ते बदलूनही कॉम्प्रेसर उठला नाही, तर मात्र दोष बहुधा कॉम्प्रेसरमध्ये आहे. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये हा जुन्या पद्धतीचा रिले नसतो. तिथे इलेक्ट्रॉनिक बोर्ड जातो आणि तो बराच महाग पडतो.

डबल डोअरमध्ये आणखी एक हमखास घोटाळा होतो. वर बर्फ उत्तम जमतो, खाली भाजी कोमट. असं दिसलं की गॅसचं नाव काढणाऱ्यावर जरा संशयच घ्या. बहुधा फ्रीझरच्या आतल्या पॅनेलमागे कॉइलवर बर्फाचा थर साचून थंड हवेची वाट बंद झालेली असते. फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून दिवसभर तसाच राहू द्या. त्यानंतर काही दिवस नीट चालून पुन्हा तेच झालं, तर डिफ्रॉस्टचा, म्हणजे हा बर्फ आपोआप वितळवणारा हीटर, सेन्सर किंवा टायमर बहुधा गेला आहे. बर्फ नसेल तर आतला पंखा बघा. दोन्ही कामांत गॅसला हात लावावा लागत नाही.

आतला बिघाड ओळखायचा तर कॉम्प्रेसर अखंड चालतो, पण चिलरच्या (बर्फाच्या कप्प्याच्या) एकाच कोपऱ्यात थोडं दव धरतं किंवा तेही नाही. सिंगल डोअर असेल तर आधी घरातल्यांना विचारा, बर्फ काढायला सुरी कोणी घातली? ॲल्युमिनियमच्या चिलरला पडलेलं भोक समोर दिसतं, दुरुस्त होतं किंवा चिलर बदलता येतो. इथे दुरुस्ती परवडते. याउलट गळती भिंतीतल्या फोममध्ये गाडलेल्या नळीला असेल, तर तिथपर्यंत हात पोचत नाही. काही कारागीर ती नळी बाद करून मागे बाहेरून कॉइल बसवतात. फ्रीज चालतो, पण आठ-दहा वर्षांच्या फ्रीजवर मी तो खर्च करणार नाही.

खर्चाचा अंदाज शहरागणिक बदलतो. गळती काढून गॅस भरायला साधारण दोन ते चार हजार, कॉम्प्रेसरसह सगळं काम सहा ते नऊ हजार. लहान सिंगल डोअर नवा पंधरा हजारांच्या आसपास येत असेल, तर जुन्यावर कॉम्प्रेसरचा खर्च जड वाटतो. मोठ्या डबल डोअरवर तोच खर्च रास्त ठरू शकतो. आधी वॉरंटी कार्ड शोधा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात, मात्र ती बहुधा फक्त त्या भागाची असते; गॅस, मजुरी, भेटीचे पैसे वेगळे.

वीजबचतीसाठी नवा घ्या, असं दुकानदार सांगेल. जुन्या आणि नव्या फ्रीजच्या स्टार लेबलांवरची वर्षाची युनिट्स बघा आणि फरकाला तुमच्या बिलातल्या वरच्या स्लॅबचा दर लावा, कारण बचत तिथूनच होते. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होत गेलेत, म्हणून जुने पाच स्टार आणि आजचे पाच स्टार एक नव्हेत. जुन्या मोठ्या फ्रॉस्ट-फ्रीमध्ये हा फरक जाणवतो. लहान सिंगल डोअरमध्ये तेवढ्यासाठी फ्रीज बदलायचं कारण नाही.

कंपनीचा माणूस की गल्लीतला? रिले, थर्मोस्टॅट, दाराचं रबर यांसाठी गल्लीतला चांगला. त्याच दिवशी काम होतं. बोर्ड किंवा वॉरंटीतला कॉम्प्रेसर असेल तर कंपनी. गॅसच्या कामाला मात्र माणसापेक्षा त्याची हत्यारं बघा: नळ्यांतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप आणि गॅस मोजायला वजनकाटा आणलाय का? ड्रायर (नळीतला ओलावा टिपणारा भाग) बदलणार का? मागच्या लेबलवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो ज्वलनशील गॅस आहे, घरगुती फ्रीजमध्ये बहुधा १०० ग्रॅमच्याही आत भरलेला. खिडक्या उघड्या ठेवा, शेगडी बंद करा. त्याच्या जागी आर-१३४ए भरतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कॉम्प्रेसर त्या गॅससाठी बनलेला नसतो.

काम झाल्यावर बिलावर गळती कुठे सापडली ते लिहून घ्या. पुन्हा गार होणं थांबलं तर त्याच सांध्याचं काम फुकट मागता येतं; गळती दुसरीकडे निघाली, तर पुढचे पैसे नव्या फ्रीजसाठी ठेवा.